गोंदियात सव्वाबारा, रत्नागिरीत पावणेएक

आठवीच्या भूगोलातलं पहिलंच प्रकरण स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळेचं. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर लेक ते घेऊन बसली. मी कॉमर्सवाली, पण 'एका अंशाला चार मिनिटं' एवढं मलाही पाठ होतं. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे 1440 मिनिटांत 360, भागाकार चार. पूर्वेला गेलात की मिळवा, पश्चिमेला गेलात की वजा करा. गणितं धडाधड सुटतात. पण "म्हणजे नेमकं काय होतं गं आई?" असं पोरीने विचारलं की आमची दोघींची गाडी तिथेच रुतायची.

माझं माहेर गोंदियाचं, सासर रत्नागिरीचं. संध्याकाळी दादाचा फोन येतो तेव्हा त्याच्या घरी दिवे लागलेले असतात आणि आमच्या माडांवर अजून ऊन असतं. लेकीने तोच धागा धरला. नकाशात गोंदिया साधारण 80.2 अंश पूर्व, रत्नागिरी 73.3. फरक 6.9 अंश, म्हणजे जेमतेम 28 मिनिटं. मोबाइलवर दोन्ही गावांचे सूर्यास्त काढून पाहिले. मार्चमध्ये बरोबर जुळले, डिसेंबरमध्ये मात्र फरक 36 मिनिटांच्या आसपास आणि जूनमध्ये जेमतेम 19! गावं तर जागची हलली नाहीत, मग हे काय?

उत्तर सापडलं तेव्हा सगळं प्रकरण उलगडलं. गोंदिया आमच्या पूर्वेला आहेच, पण साडेचार अंश उत्तरेलाही आहे. जितकं उत्तरेला जावं तितका हिवाळ्यातला दिवस लहान होतो आणि उन्हाळ्यातला मोठा. त्यामुळे डिसेंबरात गोंदियाचा सूर्य आधीच लवकर मावळणारा, तो आणखी लवकर मावळतो. जूनमध्ये तिथला मोठा दिवस फरक थोडा भरून काढतो. सूर्यास्तात अक्षांश आणि रेखांश दोघांचाही हात असतो. दोघांना वेगळं करायचं तर मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो तो क्षण, गाठायला हवी. मध्यान्ह किती वाजता झाली ते रेखांशावर ठरतं. त्या क्षणी सावली किती लांब, हे एकाच दिवशी सगळीकडे मोजलं तर फक्त अक्षांशावर ठरतं.

आपल्याकडे अक्षांश-रेखांश असं जोडीने, एका दमात शिकवतात, त्यामुळे ही जुळी भावंडं वाटतात. माझ्या मते घोळ तिथेच होतो. अक्षांशाला शून्य निसर्गानेच दिलंय, विषुववृत्ताचं. रेखांशाचं शून्य माणसांनी बसून ठरवलं. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचला 22 मतं पडली, एक विरोधात गेलं, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. आपले जुने ज्योतिषग्रंथ उज्जयिनीवरून जाणारी रेषा मूळ मानायचे, तेही तितकंच बरोबर होतं. अक्षांश काढायला आकाश पुरतं. रेखांशाला दुसऱ्या गावाची वेळ कळावी लागते. समुद्रावर ती कळावी म्हणून ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं होतं. आमच्याकडे मोबाइल होते.

दिवस ठरवला 21 मार्च. विषुवदिनाच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून मध्यान्हीला तो डोक्यापासून जितका कललेला तितकेच आपले अक्षांश. वेगळा हिशेब लागत नाही. दादाला फोन केला तर म्हणाला, "आता हे काय नवीन करून राहिली तू?" पण भाचीसाठी तयार झाला.

दोन्हीकडे बरोबर एक मीटरची काठी. आमच्या खळ्यात ती रोवली आणि ओळंबा लावून चारी बाजूंनी सरळ केली. यात कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया. बुंध्याला सुतळी बांधून 60 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ खडूने काढलं. सावली सर्वांत आखूड कधी होते ते डोळ्यांनी बघत बसण्यात अर्थ नाही, कारण मध्यान्हीच्या आसपास ती कितीतरी वेळ तेवढीच दिसते. जुनी शंकूची, म्हणजे अशा रोवलेल्या काठीची, रीत सोपी आहे. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत शिरताना कधी टेकलं आणि दुपारी बाहेर पडताना कधी टेकलं, या दोन वेळा टिपायच्या. दोन्हींच्या मधोमध मध्यान्ह.

एक गोष्ट पुस्तकात वाचून कळली नसती. काठीच्या टोकाची सावली रेघेसारखी स्पष्ट पडतच नाही. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे टोकाशी जवळजवळ एक सेंटीमीटर पट्टा धूसर असतो. गडद कुठे संपतं आणि फिकट कुठे सुरू होतं यावर लेक आणि सासूबाई यांच्यात चांगलाच वाद झाला. शेवटी धूसर पट्ट्याचा मध्य धरायचा असं ठरलं आणि दादालाही तेच कळवलं. दर पंधरा मिनिटांनी टोकापाशी खडूचा ठिपका देत गेलो. ते सगळे ठिपके एका सरळ रेषेत आले, अगदी पट्टी लावल्यासारखे. हे विषुवदिनाच्या आसपासच होतं. एरवी रेषा वाकडी येते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी ती रेषा अजून खळ्यात पुसट दिसते.

आमच्या वेळा आल्या सकाळी 10:59 आणि दुपारी 2:30. मध्य 12:44:30. दादाच्या 10:45 आणि 1:49, मध्य 12:17. फरक साडेसत्तावीस मिनिटं. चाराने भागले तर 6.9 अंश. नकाशातलाच आकडा! मध्यान्हीची सावली आमची 31 सेंटीमीटर, दादाची 39. कागदावर काटकोन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजलं तर आमचे 17 अंश आणि त्यांचे 21च्या थोडे वर. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साधारण 111 किलोमीटर, तो कुठेही तेवढाच. पूर्व-पश्चिम अंश मात्र ध्रुवांकडे जाताना आक्रसत जातो आणि आपल्या भागात 105च्या आसपास भरतो.

एक खटकत होतं. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाणारी. रत्नागिरी त्याच्या 9.2 अंश पश्चिमेला, म्हणजे मध्यान्ह 12:37ला हवी. आमची जवळपास आठ मिनिटं उशिरा आली, दादाचीही तेवढीच. कारण घड्याळ खऱ्या सूर्यावर चालत नाही, सरासरी सूर्यावर चालतं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून खरा सूर्य कधी मागे पडतो, कधी पुढे जातो. फेब्रुवारीच्या मध्यात तो 14 मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटं पुढे. मार्चच्या या दिवसांत सात-साडेसात मिनिटं मागे. दोन्ही गावांत चूक सारखीच, म्हणून वजाबाकीत ती उडून गेली.

प्रमाणवेळ हा सोयीचा करार आहे, हे आता लेकीला सांगावं लागलं नाही. 1906 साली ही वेळ लागू झाली तरी मुंबईने आपली, 39 मिनिटं मागची, मुंबई टाइम पुढे कित्येक वर्षं धरून ठेवली होती. नेपाळ ग्रिनिचपेक्षा पावणेसहा तास पुढे, एवढा अवाढव्य चीन एकाच वेळेवर. रेखावृत्तं सरळ, वेळेच्या सीमा वाकड्यातिकड्या.

राहिली वाररेषा, जी ओलांडली की वार बदलतो. ती दादाच्या मुलामुळे कळली. तो सॅन होजेला असतो. कॅलिफोर्नियाची प्रमाणवेळ 120 अंश पश्चिमेची. आपल्यापासून पश्चिमेकडे मोजत गेलं तर 82.5 अधिक 120, म्हणजे 202.5 अंश, तो साडेतेरा तास मागे. (मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे करतात, मग साडेबारा. आपल्याकडे ही भानगड नाही.) आता पूर्वेकडून मोजा. 180पर्यंत 97.5 अंश, पुढे 60, एकूण 157.5, म्हणजे तो साडेदहा तास पुढे. तोच मुलगा, त्याच खोलीत, साडेतेरा तास मागेही आणि साडेदहा तास पुढेही. दोन्हींची बेरीज नेमकी 24. हा एक दिवस कुठेतरी टाकावाच लागतो, आणि तो टाकायची जागा म्हणजे वाररेषा. लेकीने हे दोनदा करून बघितलं आणि "अच्छा, म्हणून!" म्हणाली. ही रेषाही करारच. 2011 मध्ये सामोआने तिची बाजू बदलली आणि तिथे 30 डिसेंबरचा शुक्रवार उगवलाच नाही. गुरुवारी झोपलेली माणसं शनिवारी उठली.

प्रकरण संपलं तरी पोरीची हौस फिटली नाही. सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचा दिवसही आता तिने काढून ठेवलाय. रत्नागिरीत 8 मेच्या सुमारास, गोंदियात अक्षांश जास्त म्हणून 28 मेच्या आसपास. मामाला फर्मान गेलं. 28 मे म्हणजे विदर्भात ऐन नवतपा, सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस. दादा म्हणाला, "भर दुपारी गच्चीवर मी नाही जात बापा. काठी रोवून ठेवतो, तू ये आणि बघ."