मस्कतहून ब्रिटनच्या बोर्डिंग शाळा बघायला: आठ दिवसांची फेरी

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला आम्ही एका शाळेत मुलींच्या हाऊसच्या, म्हणजे तिथल्या वसतिगृहाच्या, दारात उभे होतो. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर प्रत्येक मुलीच्या नावाचं एक लोहचुंबक आणि तीन रकाने: घरी, मॅचला, इथेच. लेकीने ‘इथेच’मधली नावं बोट लावून मोजली. नऊ भरली. हाऊसमध्ये मुली बावन्न. बाहेरच्या रस्त्यावर आईबापांच्या गाड्यांची रांग लागली होती आणि मुली पाठीवर सॅक टाकून भराभर निघत होत्या. शाळेच्या माहितीपुस्तकात मात्र ‘फुल बोर्डिंग’, म्हणजे शनिवार-रविवारीही मुलं शाळेतच, असं ठळक छापलेलं होतं.

त्या शाळेच्या इमारती सुंदर होत्या, निकाल उत्तम होते, आम्हाला शाळा दाखवणारी मुलगीही गोड होती. तरी आम्ही ती यादीतून काढली. मी स्वतः सहावी ते दहावी पाचगणीला बोर्डिंगात होते. तिथे शनिवार-रविवार सगळ्याच मुली असायच्या, म्हणून घरची आठवण आली तरी ती सगळ्यांना मिळून यायची. त्रेचाळीस जणी निघून गेल्यावर रिकाम्या हाऊसमध्ये उरणं ही निराळी गोष्ट आहे. लंडनपासून तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या आईबापांना ह्याने काही फरक पडत नाही. आखातात, आफ्रिकेत किंवा भारतात राहणाऱ्यांच्या मुलांसाठी मात्र शाळेचा शनिवार-रविवार कसा जातो, हाच पहिला प्रश्न असायला हवा. नेमका विचारा: गेल्या शनिवारी रात्री ह्या हाऊसमध्ये किती मुलं झोपली होती? सरासरी विचारू नका, शाळेचा आकडाही नको. मूल ज्या हाऊसमध्ये राहणार, तिथला आकडा घ्या.

आता फेरीबद्दल. आम्ही अकरा वर्षं मस्कतमध्ये आहोत. लेक ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत इयर सेव्हनला, आणि इयर नाइनला, म्हणजे तेराव्या वर्षी, तिकडे जावं असा विचार. ह्या प्रवेशाला तिकडे ‘थर्टीन प्लस’ म्हणतात. मागणी असलेल्या शाळा इयर सिक्समध्येच नोंदणी करून घेतात आणि इयर सिक्स किंवा सेव्हनमध्ये संगणकावरची पूर्वपरीक्षा घेतात, तेव्हा आम्ही जरा उशिराच जागे झालो होतो. तरी मोठ्या नावांच्या पलीकडे चांगल्या शाळांत जागा असतात, फोन करून विचारावं लागतं. इयर नाइन चुकलं तर पुढची चांगली वेळ थेट सिक्स्थ फॉर्मची, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीची, सोळाव्या वर्षाची. मधे जीसीएसईची, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेची, दोन वर्षं चालू असतात आणि इयर इलेव्हनला बहुतेक शाळा घेतच नाहीत.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मुद्दाम निवडला. सत्र रंगात आलेलं असतं आणि हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मध्यावरची, सुट्टी अजून लागलेली नसते. सुट्टीत शाळा बघायला जाणं म्हणजे माणसं नसलेलं घर बघणं. ओपन डेचंही तेच, त्या दिवशी सगळं झाडून-पुसून मांडलेलं असतं. आम्ही चारही शाळांना ईमेल करून स्वतंत्र भेटी मागितल्या आणि चारही मिळाल्या. भारतीय पासपोर्टवर व्हिजिटर व्हिसाला साधारण तीन आठवडे धरतात. मी दोन महिने आधी अर्ज केला आणि त्यामुळे झोप नीट लागली. ट्रेनचा प्रवास बराच असेल तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ रेलकार्ड घ्या. मोठ्यांच्या तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते, मुलांच्या तिकिटात साठ टक्के. आमचे कार्डाचे पैसे पहिल्या दोन प्रवासांतच वसूल झाले.

पहिली शाळा हर्टफर्डजवळची हेलीबरी. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून ब्रॉक्सबर्नला अर्ध्या तासात पोचलो, पुढे टॅक्सी. टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, छोट्या स्टेशनांबाहेर ती उभी असेलच असं नाही. ह्या जागेत आधी ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं, कंपनीचे मुलकी अधिकारी इथे तयार होऊन हिंदुस्थानात यायचे. १८५८ मध्ये ते बंद पडलं आणि १८६२ मध्ये शाळा सुरू झाली. इथल्या एका हाऊसचं नाव बार्टल फ्रियर. मुंबईच्या कोटाची तटबंदी ज्यांच्या कारकिर्दीत पाडली ते गव्हर्नर फ्रियर ह्याच कॉलेजात शिकले होते. माझे आजोबा पी. डिमेलो रोडला शेवटपर्यंत फ्रियर रोडच म्हणत. ते नाव हर्टफर्डशरमधल्या हाऊसला बघून मी क्षणभर थबकले. चौक प्रचंड आहे, त्यातून पलीकडे चालत जाताना लेक एकदम गप्प झाली होती. लंडन जवळ आहे ही इथली मोठी सोय.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून ग्रेट माल्व्हर्नची थेट गाडी मिळते, अडीच तासांच्या आसपास. गाव डोंगराच्या कुशीत, सर्वांत उंच माथा ४२५ मीटर. पाचगणीत वाढलेल्या माणसाला ती हवा लगेच ओळखीची वाटते: ओल्या गवताचा वास, दुपारी तीनलाच उतरणारं धुकं. माल्व्हर्न कॉलेज १८६५ चं. त्याच्या क्रिकेट मैदानाच्या काठावर उभं राहिलं की खाली सेव्हर्न नदीचं सपाट खोरं दूरवर पसरलेलं दिसतं. नवरा तिथेच बाकावर बसून राहिला, त्याला उठवावं लागलं. तिथून हेरेफर्डला गाडी बदलून श्रूझबरीला गेलो. ही शाळा १५५२ ची. डार्विन शिकले ती जुनी इमारत गावात आहे, तिथे आता ग्रंथालय आहे आणि दारापुढे त्यांचा पुतळा. शाळा १८८२ मध्ये नदीपलीकडे किंग्जलंडच्या उंचवट्यावर गेली. इथे लंडन दूर पडतं आणि त्याचाच फायदा वाटला, कारण शनिवारी गाडी काढून मुलीला घेऊन जाणं इथे तितकं सोपं नाही. पण विमानतळही तितकाच दूर. सत्र संपल्यावर शाळेची बस हीथ्रोला जाते का, बरोबर कोण मोठं माणूस असतं, उड्डाण उशिराचं असेल तर मूल कुठे थांबतं, हे प्रत्येक शाळेत लिहून घ्या.

सगळ्यांत जास्त शिकले ते मात्र एका हाऊसच्या छोट्या स्वयंपाकघरात. रात्रीचा अभ्यास, ज्याला तिकडे ‘प्रेप’ म्हणतात, नुकताच सुटला होता. टोस्टरपाशी पाच-सहा मुली होत्या. मेट्रन, म्हणजे हाऊसमधल्या मुलींची देखभाल करणाऱ्या बाई, आमच्याशी एक वाक्य बोलल्या आणि सरळ लेकीकडे वळल्या. ‘तुला रात्री झोप कशी लागते?’ लेक म्हणाली, पंखा चालू लागतो, आवाजाशिवाय झोप येत नाही. मेट्रन हसल्या नाहीत. ‘मागच्या वर्षी लागोसहून आलेल्या मुलीलाही तेच होतं, आम्ही तिला छोटा टेबलफॅन दिला,’ म्हणाल्या. मग तिला टोस्ट भाजायला सांगितलं, लोणी कुठल्या खणात आहे तेही तिलाच शोधायला लावलं. दहा मिनिटांनी लेक त्या मुलींत उभी राहून बोलत होती. हेडमास्तरांची भेट छान असते, पण मूल आजारी पडेल तेव्हा उशाशी हेडमास्तर नसतात. हाऊसमास्तर किंवा हाऊसमिस्ट्रेस आणि मेट्रन कोण, त्या किती वर्षं आहेत, येत्या दोन वर्षांत बदलणार आहेत का, हे विचारल्याशिवाय परतू नका.

शाकाहाराचंही कागदावर विश्वासून चालू नका, जेवायच्या वेळेची भेट मागा. एका शाळेत शाकाहारी पदार्थ म्हणून रोज चीजच होतं, दुसरीकडे राजमा आणि भाजलेल्या भाज्या होत्या आणि वाढणाऱ्या बाईंना कोण काय खातं हे तोंडपाठ होतं.

पैशांचं मोघम राहू देऊ नका. पूर्ण बोर्डिंगची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला चाळीस हजार पौंडांपासून पुढे, नामांकित शाळांत साठ हजारांच्याही वर जाते. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे, म्हणून सांगितलेला आकडा व्हॅटसह आहे का ते आधी विचारा. परदेशी मुलांकडून अनामत म्हणून बऱ्याचदा एका सत्राची अख्खी फी घेतात. मूल काढायचं झालं तर पूर्ण एक सत्र आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर त्या सत्राची फी द्यावी लागते. हे कलम कराराच्या आतल्या पानांत असतं. नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे आठ-दहा शाळांत नोंदणी करून ठेवण्यात अर्थ नाही.

गार्डियनचा विषय मस्कतमध्ये कुणीच नीट सांगितला नव्हता. आईवडील परदेशात असले तर शाळा ब्रिटनमध्ये राहणारा एक जबाबदार प्रौढ मागतात. हाफ टर्मला आणि ‘एक्झिअट’ला, म्हणजे सत्रातल्या ठरलेल्या सुट्टीच्या शनिवार-रविवारी, हाऊस बंद होतं तेव्हा मूल त्याच्याकडे जातं. आम्ही लेस्टरच्या मावसदिरांना गृहीत धरलं होतं. ते आनंदाने तयार आहेत, पण मध्यरात्री शाळेचा फोन आला तर दीड-दोन तास गाडी चालवत जायचं हे त्यांना स्पष्ट विचारायला हवं होतं. आम्ही ते तिथे जाऊन, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून विचारलं. नातेवाईक नसतील तर पैसे घेऊन हे काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यातली एजिसची, म्हणजे अशा गार्डियन संस्था तपासणाऱ्या संघटनेची, मान्यता असलेलीच घ्या. मूल ज्या घरी राहणार ते घर आधी डोळ्यांनी बघा.

चाइल्ड स्टुडंट व्हिसासाठी शाळेकडे प्रायोजकाचा परवाना लागतो आणि आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. भारतातून अर्ज करणाऱ्यांना क्षयरोगाच्या तपासणीचं प्रमाणपत्रही लागतं. आईने सोबत राहायचा व्हिसा फक्त चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. सरकारी बोर्डिंग शाळा स्वस्त असतात खऱ्या, पण ह्या व्हिसावर तिथे प्रवेश नाही. आणखी एक गैरसमज आमच्याकडे घरोघरी आहे: पाच वर्षं तिकडे शाळेत काढली की विद्यापीठात स्थानिक फी लागते. केवळ शिक्षणासाठी झालेलं वास्तव्य त्यासाठी धरत नाहीत. हिशोब मांडताना पदवीची परदेशी फी धरूनच मांडा.

घरी बोलायच्या वेळाही लेकीसमोरच ठरवल्या. हिवाळ्यात मस्कत चार तास पुढे, उन्हाळ्यात तीन. तिचा प्रेप सुटेपर्यंत आमची मध्यरात्र झालेली असणार आणि लहान वर्गांचे फोन रात्री जमा करतात. म्हणून रोज प्रेपच्या आधी दहा मिनिटं आणि रविवारी सकाळी निवांत, असं ठरलं. नवरा म्हणाला, रोज नको, तिला रुळू दे. लेक म्हणाली, पहिला महिना तरी रोज. तिचं ऐकलं.

माल्व्हर्न आणि श्रूझबरी अशा दोन ठिकाणी नोंदणी केली आहे. मार्चमध्ये एक रात्र हाऊसमध्ये राहून बघता येईल का, असं दोघांनाही विचारलंय, आणि पत्रात लेकीने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली आहे: शनिवारची रात्र चालेल का?