इथे तुमचा फोटो

दुपारी डोळा लागायच्या बेतात होता तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मावशी, तुझी साइट तयार आहे. फक्त तुझा एक फोटो तेवढा पाठव."

फक्त आणि तेवढा!

लिंक उघडली. माझं नाव, मी मांडणी केलेली पुस्तकं, मुखपृष्ठं, सगळं पोरीनं झकास लावलं होतं. आणि डाव्या हाताला, एका गोलात, राखाडी माणूस. तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डोक्याच्या जागी एक वाटोळा, खांद्यांच्या जागी एक टेकाड. नाक नाही, डोळे नाहीत, वयाचा पत्ता नाही. खाली लिहिलेलं, 'इथे तुमचा फोटो'.

"हाच राहू दे की," मी म्हटलं. "बरा दिसतोय."

"मावशी, लोकांना कळायला नको का तू कोण आहेस?"

मी कोण ते कळावं म्हणूनच तर एवढी मुखपृष्ठं लावली होती. पण तिला काय बोलणार? मीसुद्धा कुणाची साइट उघडली की आधी तोंड बघते, काम मागाहून. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह या दोघांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दाखवला तरी हा माणूस विश्वासाचा आहे की नाही, कामाचा आहे की नाही, याबद्दल बघणाऱ्याचं मत होऊन जातं. यातली खरी गंमत पुढेच आहे. जास्त वेळ बघायला दिलं तर मत फारसं बदलत नाही, आपलंच बरोबर आहे ही खात्री तेवढी वाढते.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे फोटो लावत आले. पुस्तकाचं सगळं झालं, फॉर्म छपाईला निघायची वेळ आली, की मलपृष्ठावरची लेखकाच्या फोटोची चौकट रिकामी असते. मग फोनाफोनी. फोटो येतो तो बोटाच्या पेराएवढा. "जरा मोठा पाठवता का?" म्हटलं की तोच फोटो ताणून, आणखी धूसर करून येतो. बऱ्याचदा तो कुठल्या तरी समारंभातल्या घोळक्यातून कापलेला असतो, आणि लेखकाच्या खांद्यावर चार बोटं राहिलेली असतात. कुणाची तरी बोटं, अंगठी घातलेली. ती पुसायचं काम माझं. एकेक बोट काढून त्या जागी शर्टाची रेघ पुन्हा जुळवायची. हे काम मी मन लावून करते, पण दर वेळी वाटतं की ज्यानं एवढ्या मायेनं हात ठेवला होता त्याला पुस्तक मिळाल्यावर काय वाटत असेल?

आणि वय! साठीच्या लेखकाकडून चाळिशीतला फोटो येतो. मी काही बोलत नाही. प्रकाशन समारंभाला लोक मलपृष्ठ बघतात, मग व्यासपीठाकडे बघतात, मग पुन्हा मलपृष्ठ बघतात. ते त्यांचं ते बघून घेतील.

भाचीनं नमुन्यादाखल दहा-पंधरा साइट पाठवल्या. त्या चाळताना माझं जुनं दुखणं उफाळून आलं, ते म्हणजे हाताची घडी. कुणी वास्तुरचनाकार असो, कुणी चित्रकार, कुणी सल्लागार. उभे राहतात तिरके आणि घालतात हाताची घडी. शाळेत आम्हाला गप्प करायला जी घालायला लावायचे तीच, फक्त तोंडावरचं बोट काढलेलं. आता म्हणे ती आत्मविश्वासाची खूण. दुसरी जात क्षितिजवाल्यांची. हे आपल्याकडे बघतच नाहीत. चौकटीच्या बाहेर, वरच्या कोपऱ्यात त्यांना काहीतरी दिसत असतं. तिसरे, हातात मग धरून खळखळून हसणारे. कशाला हसताहेत ते कळत नाही, आणि मग रिकामा आहे हे मात्र कळतं. कारण भरलेला मग कुणी इतका तिरका धरत नाही.

त्यातल्या त्यात मला 'काम करतानाचा' फोटो सोसतो. पण तोही खरा असला तर. पेन कागदाला टेकलंय आणि कागद कोरा, असं असलं की मी ती साइट बंद करते. इटलीची चित्रकार आर्तेमिझिया जेंतिलेस्की हिनं १६३८-३९च्या सुमारास स्वतःचं एक चित्र रंगवलं. ते आज ब्रिटनच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. बाई आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. बाही वर सरकवलेली, केस सुटलेले, अंग एका बाजूला झुकलेलं, ब्रश धरलेला उजवा हात कॅनव्हासकडे लांबलेला. स्वतःला असं बाजूनं बघायचं तर एका आरशाचं काम नाही, दोन तरी कोनात लावायला हवेत. म्हणजे तिनं मांडणी केली नाही असं नाही, चांगली घसघशीत केली. पण आपण त्या हाताकडे बघत राहतो आणि ती दिसते कशी हे विचारायचं राहूनच जातं.

मला स्वतःचा फोटो न आवडण्याचं मूळ बहुधा त्या स्टुडिओत आहे. शाळेच्या कुठल्याशा अर्जासाठी फोटो हवा होता म्हणून बाबा घेऊन गेले. आत जायच्या आधी एक अंधारी खोली, तिथं भिंतीवर आरसा, आरशाला सुतळीनं बांधलेला कंगवा. कंगव्याचे मधले दात गेलेले. शेजारी खुंटीवर एक कोट लटकत होता, ज्यांच्याकडे नसेल त्यांच्यासाठी. बाबांनी तेवढ्या वेळात तो घालून बघितला. बाह्या मनगटाच्या खाली उतरल्या तेव्हा काही न बोलता परत लटकवला. आत स्टुलावर बसवल्यावर फोटोग्राफरनं दोन बोटांनी माझी हनुवटी धरली आणि अशा कोनात फिरवली, ज्या कोनात माझी मान त्याआधी कधी गेली नव्हती. "हलायचं नाही हं. थोडं हस. दात नको." डोळ्यांसमोर पांढरा धप्प उजेड, आणि झालं.

फोटो आला तेव्हा मी रडायला लागले. ही मी नव्हेच. भांग भलत्याच बाजूला, एक भुवई वर, तोंड जरा वाकडं. बाबा म्हणाले, "अगदी तूच आहेस." माझी समजूत काढताहेत असं मला तेव्हा वाटलं.

नंतर कळलं की दोघांचंही खरं होतं. १९७७ साली अमेरिकेतल्या तिघा मानसशास्त्रज्ञांनी, मीता, डर्मर आणि नाइट यांनी, मुलींचे फोटो काढून प्रत्येकीच्या दोन प्रती केल्या. एक सरळ आणि एक डावी-उजवी उलटवलेली. मुलींना स्वतःची उलटवलेली प्रत जास्त आवडली, त्यांच्या जिवलगांना सरळ. साधी गोष्ट आहे. आपण स्वतःला जन्मभर आरशात पाहिलेलं असतं आणि बाकीच्यांनी आपल्याला समोरून. ज्या चेहऱ्याची सवय तो खरा. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं यात आणखी तेल ओतलं. पडद्यावर दाखवतो आरशातली मी, आणि बटण दाबल्यावर बऱ्याचदा ठेवून देतो जगातली मी. त्यात नाक. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतंच. साधारण फूटभर अंतरावरून ते पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ साली काही डॉक्टरांनी मांडला होता, कारण अशा सेल्फी दाखवून नाक कमी करून मागणारी माणसं त्यांच्याकडे यायला लागली होती. नाकाचा यात काही अपराध नाही. हात आखूड आहेत.

भाची मात्र सेल्फीला तयार नव्हती. "कुणाला तरी काढायला सांग. आणि मध्यभागी उभी राहा, गोलात कापायचाय." हा गोल कुणी आणला देव जाणे. चौकोनात माणसाला कान असतात, खांदे असतात, मागे खिडकी असते. गोलात शिरताना ते सगळं बाहेर सोडून जावं लागतं, आणि उरतो तो नाण्यावरचा राजा. मी पुस्तकांच्या बाबतीत प्रकाशकांशी यावरून भांडलेली आहे. स्वतःच्या वेळी हरले.

मधे उभं राहण्यावरून आठवलं. फिलाडेल्फियातल्या रॉबर्ट कॉर्नेलियसनं १८३९ साली स्वतःचा फोटो काढला. आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या स्वतःच्या फोटोंत तो धरतात. घरचा धंदा दिव्यांचा. दुकानाच्या मागं उघड्यावर कॅमेरा लावला, झाकण काढलं आणि हा पुढे येऊन ठाकला. मध्यभागी काही त्याला साधलं नाही. कॅमेऱ्यातून बघायलाच कुणी नव्हतं, साधणार कसं? केस विस्कटलेले, नजर जराशी संशयी. आजच्या कुठल्याही साइटवर लावला तर लोक म्हणतील, काय झकास आहे, किती सहज! आणि, सांगायला मला आनंद होत नाही, त्यानं हाताची घडी घातलेली आहे. अर्थात त्याला बराच वेळ न हलता उभं राहायचं होतं. बाकीच्यांना ती सबब नाही.

पण 'माझ्याविषयी' या पानाचा मूळपुरुष मी त्याला मानत नाही. तो मान इपोलित बायारचा. फ्रान्समधल्या या माणसानं कागदावर थेट फोटो उमटवायची स्वतःची पद्धत शोधली होती, १८३९ साली तिचं प्रदर्शनही भरवलं होतं. पण सरकारनं उचलून धरलं धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवणाऱ्या दागेरला. कीर्ती त्याची आणि निवृत्तिवेतनही त्याचंच. तेव्हा बायारनं १८४०मध्ये स्वतःचा फोटो काढला तो बुडून मेलेल्या माणसाचा. कमरेवर उघडा, टेकून पडलेला, डोळे मिटलेले, शेजारी गवती टोपी. मागच्या बाजूला मजकूर लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की हा देह बायारचा आहे. सरकारनं दागेरला भरपूर दिलं आणि बायारसाठी काही करता येत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा बिचाऱ्यानं जीव दिला. शवागारात पडून आहे, कुणी ओळखायलाही आलं नाही. मंडळी, पुढं सरका, तोंड आणि हात नासायला लागलेत. हात आणि चेहरा फोटोत खरोखरच काळपट आहेत. ऊन लागलेलं असणार. मेलेला बायार पुढे जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं जगला.

एक फोटो, खाली थोडा मजकूर, कुणावर तरी राग आणि आपली दखल घ्या अशी विनंती. सगळ्या साइटींवर हेच तर असतं. फक्त एवढं मोकळेपणानं कुणी लिहीत नाही.

असो. फोटो पाठवला एकदाचा. कोणता, ते जाऊ दे. भाचीचं उत्तर आलं, "हा चालेल," आणि त्यातला 'चालेल' मी मनावर घेतलेला नाही.

फोटो शोधताना, इतरांनी काय केलंय बघू म्हणून, एका मित्राची साइट उघडली होती. आम्ही पुष्कळ पुस्तकं मिळून केली. चित्रं त्याची, मांडणी माझी. त्याच्या फोटोत तो अर्धाच दिसतो, कडेला, कुणीतरी हाक मारल्यावर वळल्यासारखा. मीच काढलेला आहे, त्याला न सांगता. फोटोच्या खाली एक हिरवा ठिपका उघडमीट करतो आणि त्यापुढे लिहिलंय, 'सध्या कामासाठी उपलब्ध'. तो जाऊन बराच काळ झाला. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं, आणि या बाबाजीनं, जो विजेचं बिल कधी वेळेवर भरत नसे, पूर्ण दहा वर्षांचे पैसे आधीच भरून ठेवलेत. पासवर्ड कुणालाच माहीत नाही.

साइटवरून येणारी मेल त्याच्या बहिणीच्या पत्त्यावर जाते, कारण तेव्हा त्याचा हिशेब तीच बघायची. अजूनही कुणी ना कुणी चित्रांसाठी विचारतं. ती प्रत्येकाला नीट उत्तर लिहिते, की तो आता नाही. मागे एकानं उलट विचारलं, मग साइटवर उपलब्ध का लिहिलंय? काय लिहू म्हणून तिनं मला फोन केला. मला काही सुचलं नाही. अजून ते उत्तर गेलेलं नाही.