एकच नाटक, दोन गावं आणि आम्ही दोघं

रविवार, रात्री

संध्याकाळी पाचचा प्रयोग होता पुण्यात, बालगंधर्व रंगमंदिरात, साडेसातच्या पुढे सुटला, घरी येऊन वरणभाताचा कुकर लावला, जेवलो, ओटा आवरला आणि तरी आमचं अजून नाटकावरच चाललंय. नवरा आत्तासुद्धा सोफ्यावर बसून हातवारे करून मला सांगतोय की दुसऱ्या अंकात खिडकीचा लाइट कसा उतरत गेला. मला तो दिसलाच नव्हता, कारण मी बापाच्या हातांकडे बघत होते.

बाप-लेकीचं नाटक आहे, दोन अंकी, सेट एकच, घराचा हॉल. लेक कायमची परदेशी निघालीये आणि बाप तिची बॅग भरतोय, असा प्रसंग आहे शेवटाकडे. तो तिची साडी घडी करायला घेतो, नीट जमत नाही, उलगडतो, परत घडी घालतो, परत उलगडतो. संवाद एकही नाही. लेक शेजारी उभी राहून बघत असते आणि म्हणत नाही की आण इकडे मी करते. आज त्या नटाने तिसऱ्यांदा साडी उलगडली तेव्हा काठावरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, जसं कापड दुकानात पोत बघतात तसा, आणि मला एकदम भरून आलं. आणि बरोब्बर तेव्हा आमच्या मागच्या रांगेत फोन वाजला. पूर्ण रिंग वाजून थांबला. नट हलला नाही, अंगठा तसाच काठावर, रिंग संपल्यावर दोन क्षण थांबला आणि मग घडी घातली. ह्याला मी नट म्हणते.

नवऱ्याचं म्हणणं वेगळंच. तो कॉलेजात एकांकिकांची प्रकाशयोजना करायचा, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात लाइटच्या बोर्डवर बसलेला माणूस आहे, त्यामुळे त्याला बाल्कनीची पहिली रांग लागते, तिथून म्हणे स्टेजची जमीन दिसते आणि उजेड जमिनीवर वाचता येतो. मला खालची पाचवी सहावी रांग, जिथून चेहरा दिसतो. तिकिटांचा प्लॅन उघडला की आमची ही चर्चा ठरलेली, एकदा त्याच्या मनासारखं एकदा माझ्या. आज मधला मार्ग म्हणून खाली पण मागे बसलो होतो. तर तो म्हणतो की त्या सगळ्या वेळात खिडकीतून येणारा पिवळा लाइट इतका हळू काढला होता की प्रेक्षकाला उजेड गेला हे कळत नाही, फक्त संध्याकाळ झाल्यासारखी वाटते. डिमरवर, म्हणजे उजेड कमीजास्त करायच्या बटणावर, एवढा लांब फेड, म्हणजे हळूहळू उजेड काढणं, हाताने सारखा ठेवणं फार अवघड असतं, हात जरा अडखळला तरी झटका दिसतो. मी म्हटलं मला संध्याकाळ झाल्यासारखी वाटली होती खरी. तो इतका खूश झाला, जणू त्यानेच केला होता तो फेड.

हेच नाटक गुरुवारी सांगलीला आहे, दौऱ्यात. आम्ही तसेही रंगभूमी दिनाला सांगलीत असणारच होतो, मग एक दिवस मुक्काम वाढवला. आत्याबाईंचा फोन आला होता, अगं आजच बघितलंत ना ते, परत तेच कशाला? सासूबाईंनी आतूनच उत्तर दिलं, आमच्या वेळी एकेक पद तीन तीन वन्समोअर घ्यायचं आणि लोक तेच नाटक पुढच्या महिन्यात परत बघायला यायचे. सासूबाई ह्या बाबतीत कायम आमच्या बाजूने असतात.

सोमवार

आज काही विशेष नाही. ऑफिस, भाजी, बॅगा भरल्या.

संध्याकाळी पोळ्या करताना नवरा ओट्याशी उभा राहून एक जुनी संहिता मोठ्याने वाचत होता. हा आमच्याकडचा नेहमीचा कार्यक्रम आहे, मी लाटते तो वाचतो, मग भांडी तो घासतो आणि मी वाचते. पात्रं वाटून घ्यायची नाहीत असा नियम आहे, जो वाचतो त्याने सगळ्यांचं वाचायचं. त्याने फार फरक पडतो खरंच, कारण एकाच तोंडून नवरा, बायको, सासरा, घरमालक सगळे बोलायला लागले की कुठलं वाक्य कोणाचं हे आवाज न बदलताही कळतं का, ते लगेच समजतं. चांगल्या लेखकाचं कळतं. आज पहिल्या प्रवेशातच मी तवा बाजूला ठेवून म्हटलं की थांब, हे वाक्य ती नाही बोलणार, हे लेखक बोलतोय. त्यावर पंधरा मिनिटं. पोळी गार झाली तरी चालेल पण हे बोलणं मला रोज हवं असतं.

यूट्यूबवर जुन्या प्रयोगांची रेकॉर्डिंग मिळतात आता, ती सासूबाई आवडीने बघतात, मीही बघते कारण जे नट आता नाहीत ते दुसरीकडे कुठे भेटणार. पण रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा ठरवतो मी कोणाकडे बघायचं. बोलणाऱ्याचा क्लोजअप येतो आणि मला ऐकणाऱ्याचा चेहरा हवा असतो. थिएटरात बसलं की माझी नजर माझी असते, त्याची त्याची असते, म्हणून तर घरी आल्यावर एकमेकांना सांगायला काहीतरी उरतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर, सांगली

सकाळी गणपती मंदिरात जाऊन आलो, कृष्णेच्या घाटावर थोडं बसलो. १८४३ साली ह्याच गावात विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर नाटक केलं, संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, आणि त्याच्यामुळे आजचा दिवस रंगभूमी दिन. हे शाळेपासून पाठ आहे. पण नवरा घाटावर बसून जे बोलला ते मी असं कधी जोडून बघितलं नव्हतं. १८५१ ला चिंतामणराव गेले, राजाश्रय संपला, आणि भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले, १८५३ ला मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. म्हणजे आपला दौरा तिथून सुरू झाला. राजा होता तोवर नाटक दरबारात होतं, राजा गेला म्हणून ते रस्त्याला लागलं आणि रस्त्यावर त्याला प्रेक्षक भेटला. तेव्हा ना रेल्वे ना काही, बैलगाडीतून सोंगांचं सामान, पडदे, माणसं. मला ते सगळं डोळ्यांपुढे दिसायला लागलं, आणि उद्या जे नाटक येणारे तेही बसच्या टपावर सेट बांधून येणार हे आठवून छान वाटलं.

दुपारी रिक्षा करून हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. ज्या माणसाने १८९९ मध्ये शारदा रंगभूमीवर आणलं, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीला मध्यभागी उभं केलं आणि बघणाऱ्यांना खुर्चीत अस्वस्थ केलं, तो इथला. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून संगम दाखवला. त्या पलीकडून शारदातलं मूर्तिमंत भीती उभी हे पद गुणगुणायला लागल्या, नेटवर्क तुटत होतं, अर्धं ऐकू आलं, तेवढं पुरे झालं.

गुरुवार, रात्र, लॉज

झोप येत नाहीये म्हणून लिहून काढते.

प्रयोगाच्या आधी चारच्या सुमारास आम्ही थिएटरच्या मागच्या बाजूला गेलो होतो, नवऱ्याला सेट लागताना बघायचा होता. बॅकस्टेजच्या एका दादांनी या की म्हणून विंगेत उभं राहू दिलं. पुण्याला जो सेट बघितला त्यातला जिन्याचा भाग इथे आणलेलाच नव्हता. दौऱ्याला फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंती, फोल्डिंगचे असतात, बिजागरीवर मिटतात, पण जिना मिटत नाही, आणि गाडीत जागा नाही. मग जी मुलगी पुण्यात जिन्यावरून उतरते ती इथे आतल्या दारातून येणार. एवढंच, असं दादा म्हणाले, आणि खिळा ठोकायला लागले. लाइटही इथले भाड्याचे, मोजकेच स्पॉट, नवऱ्याचा चेहरा उतरला होता.

आणि मग प्रयोग. मी आज ठरवून प्रेक्षकांकडे कान ठेवला होता. पुण्यात जिथे हशा आला तिथे इथे शांत, आणि पुण्यात जे वाक्य कोणाच्या लक्षातही आलं नाही, वडील शेजाऱ्याला म्हणतात की पावसाचं काय खरं नाही, पाणी कुठवर येईल सांगता येत नाही, त्या वाक्याला अख्खं थिएटर गप्प झालं. ह्या गावाने २०१९ चा महापूर बघितलाय. नटाला ते जाणवलं असणार, कारण पुढचं वाक्य त्याने लगेच घेतलं नाही.

मग तो साडीचा प्रसंग. खिडकीचा फेड नव्हताच, लाइट कमी त्यामुळे सगळं स्टेज एकदमच मंद झालं. बाप घडी घालतोय, उलगडतोय. आणि तिसऱ्या रांगेतले एक आजोबा, धोतर-टोपीतले, अगदी मोठ्याने नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे बोल की पोरीशी!"

कोणी हसलं नाही. नटाने आवाजाच्या दिशेला बघितलं नाही, पण मान वर केली, लेकीकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. हे पुण्यात नव्हतं. संहितेतही नसणार. आजोबांनी सांगितलं म्हणून बाप बोलायला गेला आणि त्याला बोलता आलं नाही. माझ्या शेजारी नवरा रडत होता.

बाहेर आल्यावर मी म्हटलं की हा प्रयोग पुण्यापेक्षा मोठा झाला. तो म्हणाला, मोठा नाही, वेगळा, तो फेड असता तर आणखी झाला असता. मी म्हटलं तो फेड असता तर आजोबांना बापाचा चेहरा इतका उघडा दिसला नसता, ते कदाचित बोलले नसते. तो गप्प चालत राहिला स्टँडपर्यंत. मग म्हणाला, फेड नसताना प्रसंग उभा राहिला म्हणजे तो लिहिलाच तसा आहे, आता मला पुण्यातला फेड जास्त आवडतोय, कारण त्याची गरज नसताना कोणीतरी तो इतक्या प्रेमाने केला. ह्यावर माझं अजूनही एकमत नाही. पण तो असं काही बोलला की मला ह्या माणसाबरोबर अजून खूप नाटकं बघायचीयेत एवढंच वाटतं.

शुक्रवार

परत जाण्याआधी वाट वाकडी करून कोल्हापूरला गेलो. नवऱ्याला केशवराव भोसले नाट्यगृहापाशी जायचं होतं आणि नकोही होतं. एका स्पर्धेत त्याने तिथे लाइट केले होते, तेव्हा मी त्याला ओळखतही नव्हते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळलं. ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती ९ ऑगस्टला, म्हणजे आदल्याच रात्री. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं, शेजारी खासबाग मैदान, एका भिंतीपलीकडे कुस्ती आणि अलीकडे नाटक, अशी जागा दुसरीकडे कुठे असेल.

पुन्हा उभारायचं काम चालू आहे. आम्ही बाहेरूनच बघितलं. तो मला सांगत होता की बोर्ड इथे असायचा, केबल इथून जायची, एका लाकडी फळीवर पाय ठेवला की करकरायची म्हणून प्रयोगात तिथे उभं राहायचं नाही असं सगळे एकमेकांना सांगायचे. ती फळी आता नाही. भिंती नव्या होतील, खुर्च्या जुन्यापेक्षा चांगल्या येतील, आणि व्हायलाच हव्यात, लवकर व्हायला हव्यात, कारण ज्या गावाला थिएटर नसतं त्या गावची पोरं नाटक करायचं सोडून देतात, सवय तुटते.

केशवराव गेले तेव्हा फक्त ३१ वर्षांचे होते. १९२१ च्या जुलैमध्ये मुंबईत नट बालगंधर्व आणि ते संयुक्त मानापमानात, म्हणजे दोघांच्या मंडळ्यांनी मिळून केलेल्या मानापमान नाटकात, एकत्र उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर, आणि ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. त्याचं रेकॉर्डिंग नाही. ज्यांनी तो प्रयोग बघितला त्यांच्याबरोबर तो संपला. मला ह्याचं पूर्वी फार वाईट वाटायचं. कालचे आजोबा बघितल्यावर आज तेवढं वाटलं नाही, कारण तो प्रयोग ज्यांच्यासमोर झाला त्यांना तो पुरेपूर मिळाला असणार.

शनिवार, पुणे

कपडे धुवायला टाकले. सासूबाईंना सगळं पहिल्यापासून सांगितलं, आजोबांचं दोनदा सांगायला लावलं त्यांनी, आणि दोन्ही वेळा म्हणाल्या, बरोबरच बोलले ते.

नवरा सकाळपासून झाडीपट्टीच्या मागे लागलाय. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, तिकडे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा गाव त्याचं केंद्र, तिथून कंपन्या गावोगाव जातात. दिवसा मंडई म्हणजे गावची जत्रा, किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, आणि ते दहाच्या पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत, गाणी, वादक सगळं समोर. २०२३ ला झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शहरी पेपरात झाडीपट्टीवर जरा रकाने आले होते, त्यानंतर परत शांतता. माझं ठाम मत आहे की आपण पुण्या-मुंबईचे लोक मराठी रंगभूमी मराठी रंगभूमी म्हणतो आणि जिथे थंडीत अख्खं गाव रात्रभर जागं राहून नाटक बघतं तिकडे एकदाही जात नाही. गोंदिया-बल्लारशा लाइनवर वडसा स्टेशन आहे, म्हणजे नागपूर किंवा गोंदियापर्यंत जाऊन पुढे सोय होते.

नवऱ्याचं म्हणणं, अर्धी रात्र पुढे बसून आणि अर्धी रात्र मागून बघायचं, जिथून लाइट आणि पडद्यांच्या दोऱ्या दिसतील. मला पूर्ण रात्र पुढेच बसायचंय, जमिनीवर, बायकांमध्ये, त्या कुठे हसतात आणि कुठे पदर डोळ्यांना लावतात ते बघायचंय. सासूबाई म्हणाल्या मीही येणार, मला स्वेटर आणि थर्मास द्या फक्त. आता तिघांची तिकिटं बघायची, डिसेंबरची रजा ऑफिसात सोमवारीच टाकायला हवी नाहीतर कोणीतरी आधी टाकेल, आणि पुढे कोणाची बॅटरी, कोणाची चादर, ते नंतर ठरवू.