पाय टेकला तिथं

"दमलीस की पाय खाली सोडायचा. थांग लागला की माणूस बुडत नाही."

पाठीला पत्र्याचा डबा बांधून वडिलांनी मला पंचगंगेत पवायला शिकवलं, तेव्हा हे वाक्य रोज ऐकलं. पोहायला आमच्याकडं पवणं म्हणतात. पुढं लग्न होऊन कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आले, रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकवर बायकांच्या बॅचला जायला लागले. आमच्या कोल्हापूरचा पवणारा विरधवल खाडे 2008 साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, तेव्हा आम्ही बायकांनी टँकवर पेढे वाटले होते. पाण्याची मला भीती नव्हती, अभिमान होता. मालवणच्या समुद्रात कयाक चालवायची आणि स्नॉर्केलिंग करायचं, असं घरात ठरलं तेव्हा हो म्हणणारी पहिली मीच.

शनिवारी दुपारी निघून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली असं करत रात्री मालवणात पोहोचलो. लिहायचं आहे ते रविवारच्या सकाळबद्दल.

गाइड पोरानं आदल्या रात्री फोनवर बजावलं होतं, "सकाळी साडेसहाला दांडीवर या. दशमी आहे, उशीर करू नका." आम्ही सातजण. रात्री सुरमई आणि सोलकढी झाली, मग अंगणात एकपर्यंत गप्पा. सकाळी घरमालकीण गरम घावणे काढत होती, चटणी ओल्या खोबऱ्याची. कुणालाच उठवेना. साडेसहाची वेळ सांगितली म्हणजे आठ चालतील, असं आम्ही सगळ्यांनीच मनात धरलं होतं. दांडीच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा पावणेनऊ वाजले होते. तो वाळूत कयाकच्या शेजारी बसून होता. रागावला नाही. फक्त पाण्याकडं बघून म्हणाला, "सुकती लागली."

मला तेव्हा ते कळलंच नाही. मग त्यानं समजावलं. सुकती म्हणजे ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. दशमी म्हणजे दहाची पाऊणपट, साडेसात. तिथून पुढं सहा तास पाणी उतरत जातं. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा पाणी गढूळ. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याची ओढ कमी, तळ स्वच्छ दिसतो. म्हणून पौषातल्या शुद्ध दशमीचा दिवस त्यानं आमच्यासाठी धरून ठेवला होता. भरती पूर्ण झाली की पाणी थोडा वेळ थबकतं, ती वेळ खडकांवरून तरंगायची. ती आम्ही घावण्यांवर घालवली.

आम्ही नदीकाठची माणसं. पाणी वाढलं म्हणजे राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, आणि किती वाढलं ते राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांत मोजायचं. एकोणचाळीस म्हणजे इशारा, त्रेचाळीस म्हणजे धोका. पाणी रोज दोनदा येतं, दोनदा जातं आणि त्याचं वेळापत्रक चंद्राकडं असतं, हे पुस्तकात वाचलं होतं. त्यावर कुणाचं पोट चालतं आणि उशिरा आलेल्या पाहुण्यामुळं त्याचा दिवस बिघडतो, हा विचार कधी केला नव्हता.

कयाक दोघांची होती. पुढं नणंद, मागं मी. पुढच्यानं ताल धरायचा, मागच्यानं तो उचलायचा आणि दिशा सांभाळायची. नुसते हात ओढून चालत नाही, कमरेतून वळावं लागतं. लाट आली की तिला तोंड द्यायचं, आडवं राहायचं नाही. पहिली दहा मिनिटं आमची वल्ही एकमेकींवर आपटत होती. "वहिनी, मी उजवीकडं मारतो म्हटल्यावर तुम्ही पण उजवीकडं मारा की!" नणंद ओरडत होती. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी जातो, मी करतो. तो पोरगा ते ऐकून पहिल्यांदा हसला आणि माझा जीव भांड्यात पडला.

मग ताल जमला. इंजिनाचा आवाज नाही, डिझेलचा वास नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर मी आधी दोनदा मोटरबोटीनं गेले होते. दोन्ही वेळा धक्काबुक्की आणि "पुढं सरका, पुढं सरका" एवढंच लक्षात राहिलं. या वेळी पाण्याच्या पातळीवर बसून तट हळूहळू वर चढताना बघितला. मागं किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा. 25 नोव्हेंबर 1664 रोजी महाराजांनी तिथं पूजा करून कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. त्या खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. चंद्र का कोरला असेल, हे त्या दिवशी भरतीचं गणित ऐकल्यावर मला माझ्यापुरतं उमगलं.

पुढून गाइड पोरगा वल्ह्यानं दाखवत होता, "हय खडक, थय खडक." वरून काहीच दिसत नव्हतं, कुठं कुठं पाण्याचा रंग तेवढा बदलायचा. हेच बुडालेले खडक किल्ल्याचं पहिलं संरक्षण. वाट माहीत नसलेलं गलबत इथं फुटणार. आणि त्याच खडकांवर प्रवाळ वाढतं. 1987 साली इथलं 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य झालं ते याच जीवांसाठी.

सव्वादहाला आम्ही पाण्यावर तरंगणाऱ्या एका बोयाला कयाक बांधल्या. प्रवाळावर नांगर टाकायचा नाही, म्हणून बोया. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळली, नळी दातांत धरली, लाइफ जॅकेटचे पट्टे त्यानं स्वतः ओढून बघितले. "काकी, पवायचं नाही. नुसतं पडून राहायचं. हात मारू नका." मला थोडं वाईटच वाटलं. पवता येणाऱ्या बाईला पवू नको म्हणतोय. पण तोंड पाण्यात घातलं आणि वाईट वाटणं संपलं.

आधी आवाज आला. समुद्राखाली शांतता असेल असं वाटलं होतं. तिथं सगळीकडून बारीक तडतड, जणू गरम तेलात मोहरी पडलीय. नंतर त्यानं सांगितलं, कोळंबीच्या जातीचे चिमुकले जीव नांगी आपटतात, त्याचा हा आवाज. आवाज असला म्हणजे खडक जिता. मग डोळे सरावले. पिवळसर-तपकिरी घुमट, त्यांच्यावर नाजूक जाळी. एकीकडं कोबीच्या पानांसारख्या दुमडलेल्या पाकळ्या. त्यांच्यातून काळे पट्टे ओढलेले मासे जात होते, आणि एक निळा-हिरवा पोपटमासा तोंडानं खडक खरवडत होता. माझा श्वास नळीतून मलाच मोठ्यानं ऐकू येत होता. किती वेळ गेला कळलं नाही.

मग शेजारी बोट आली. पंचवीसएक माणसं, मोठ्यानं गाणी. त्यांनी नांगर टाकला आणि पाण्यात पावाचे तुकडे पडायला लागले. क्षणात सगळे पट्टेवाले मासे तिकडं धावले आणि माझ्याखालचा खडक रिकामा झाला. मला त्यांचा खूप राग आला. पण खरं सांगायचं तर तासाभरापूर्वी आमच्यातल्याच एकानं विचारलं होतं, "पाव आणला नाहीस होय?" तेव्हा तो म्हणाला होता, पावाला चटावलेला मासा खडकावरचं शेवाळ खायचं सोडतो, शेवाळ माजतं आणि प्रवाळ गुदमरतं. आम्हीही पंचगंगेच्या घाटावर माशांना चुरमुरे टाकून पुण्य केल्यासारखं घरी येतो.

त्या बोटीच्या लाटेनं मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकात गेलं, घशात गेलं. डोळ्यांपुढं सगळं पांढरं. आणि मी तेच केलं जे सहाव्या वर्षापासून अंगात भिनलं होतं. पाय खाली सोडला.

थांग लागला. साडेसातला तिथं माझ्या पायाखाली पाणीच पाणी असतं. सव्वादहाला छातीएवढं उरलं होतं. टाचेखाली काहीतरी कडक लागलं, मी सगळा भार त्यावर टाकला, आणि ते मोडलं. पाण्यातही मला तो आवाज जाणवला. जाडसर पापड मोडावा तसा.

"काकी, पाय वर घेवा." इतका वेळ आमच्याशी शहरी मराठी बोलणारा पोरगा एकदम मालवणीवर आला. "पाय वर घेवा. तां जितां आसा."

त्यानं माझ्या काखेत हात घालून मला आडवं केलं, मास्क काढून रिकामा केला, परत लावला. मग खाली बुडी मारली. मी वरून बघत होते. तळहाताएवढा तुकडा त्यानं उचलला, उलटासुलटा करून बघितला. दोन दगडांच्या मधली खाच शोधली, तुकडा त्यात बसवला, हलतोय का ते बोटानं तपासलं. वर येऊन श्वास घेतला, परत खाली गेला आणि बाजूला एक लहान दगड सरकवून तो घट्ट केला. तुकडा हलला नाही, वाळूखाली गेला नाही, तर जगू शकतो, असं नंतर म्हणाला.

मला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

प्रवाळ हे झाड नाही, दगडही नाही. लाखो बारीक प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल असतं, ते उन्हावर अन्न तयार करून त्यांना देतं, रंगही त्याचाच. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिलेलं आहे. घुमटासारखी प्रवाळं वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. हे मी घरी येऊन वाचलं. माझ्या टाचेखाली मोडलं ते पाकळीसारखं होतं, त्याचा हिशेब वेगळा असेल. पण वाचताना मी आपोआप तळहात पसरून बघितला.

दुपारी किल्ल्यावर गेलो. 1695 साली राजाराम महाराजांनी बांधलेल्या श्रीशिवराजेश्वराच्या मंदिरात नेहमी मी बराच वेळ बसते. इथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची, वीरासनातली. सभामंडप आमच्या राजर्षी शाहूंनी बांधलेला, म्हणून कोल्हापूरच्या माणसाला तिथं घरच्यासारखं वाटतं. त्या दिवशी मन लागलं नाही. तिथल्या दूधबाव या विहिरीचं गोड पाणी प्यायले. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे, याचं नवल दरवेळी वाटतं, या वेळी तेवढंच वाटलं. तटावर चढून मी बोयाची जागा शोधत राहिले. पाणी आणखी उतरलं होतं. सकाळी न दिसलेले खडक काळे होऊन वर आले होते आणि अजून बोटी तिकडं जातच होत्या.

नणंद शेजारी येऊन उभी राहिली. "वहिनी, किती मनाला लावून घेताय. मुद्दाम केलंत होय?"

मुद्दाम नव्हतं केलं. पण साडेसहाला गेलो असतो तर पाय पोहोचलाच नसता, हे मला माहीत होतं, तिलाही. एकपर्यंतच्या गप्पांत आम्ही दोघीच सगळ्यांत मोठ्यानं हसत होतो.

निघताना त्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले. त्यानं मोजून जादाचे परत केले. म्हणाला, "पुढच्या वेळेस येळेर येवा, बस्स."

फोंडा घाट चढताना टाच चुरचुरत होती. घरी येऊन बघितलं, बारीक चीर होती. दिनदर्शिका भिंतीवरून उतरवून नणंदेला फोन लावला. माघ शुद्ध दशमीला मधला वार येतो, रजा टाकावी लागेल. ती म्हणाली, "मी टाकतो रजा." मुक्काम दांडीलाच करायचा, घावणे परत आल्यावर खायचे. तो तुकडा खाचेत आहे का, ते त्याला आधी खाली जाऊन बघायला सांगितलंय. मी वरच थांबणार आहे.