थंडीत पाटावर गळ टाकताना

दिवाळी उरकली की आमच्याकडचे हौशी गळवाले काठ्या माळ्यावर टाकतात आणि शेताशेतात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. थंडीत मासा लागत नाही, हा खानदेशातला पक्का समज. मामांचं शेत भडगाव तालुक्यात, जामदा कालव्याच्या भिजवणीत. डिसेंबरात काठी घेऊन येतोय म्हटल्यावर ते म्हणाले, "भाऊ, आत्ते मासा तोंड बी उघाडत नही. भरीत खा अन् घर जाय."

मामांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. माशाच्या अंगातली ऊब पाण्यावर ठरते. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल कमी होते, भूकही. चिलापी (तिलापिया) तर पाणी सोळा-सतरा अंशांच्या खाली गेलं की खाणंच सोडते. रोहू-मृगळ तितके नाजूक नाहीत, पण उन्हाळ्यासारखे तुटून पडत नाहीत. तरी "कमी खातो" आणि "खातच नाही" यांत बरंच अंतर आहे, आणि पाटावर, म्हणजे शेतीच्या कालव्यावर, ते अंतर पाणी कधी सोडलं नि कधी बंद केलं यावर ठरतं. काठी, गळ, आमिष हे सगळं त्याच्या नंतर.

जामद्याचं पाणी येतं गिरणा धरणातून. धरण नाशिक जिल्ह्यात, नांदगाव तालुक्यात. तिथून सुटलेलं पाणी नदीपात्रातून जामदा बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. बंधारा इंग्रजांच्या काळातला, धरण १९६९ चं. रब्बीला किती आवर्तनं, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, मिळणार हे कालवा सल्लागार समिती धरणातला साठा बघून ठरवते. धरण २००७ नंतर पूर्ण भरलं ते एकदम २०१९ ला. मधल्या वर्षांत गव्हालाच पाण्याची मारामार, तिथे गळाचं कोण विचारतो! धरण भरलेलं असलं की मात्र हरभरा-गहू मजेत आणि आमच्यासारख्यांचंही फावतं. धरणात सोडलेल्या बोटुकलीतले (बोटाएवढ्या पिल्लांतले) रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) मोठे होतात, त्यांतले काही सोडलेल्या पाण्याबरोबर नदीत आणि नदीतून पाटात उतरतात. चिलापीला कुणी सोडावं लागत नाही, ती असतेच.

आवर्तन चालू असताना मी काठी नेतच नाही. पाट काठोकाठ वाहतो, पाणी गढूळ, ओढ जबर. गार पाण्यातला मासा अशा ओढीशी झगडत बसत नाही, कुठेतरी आडोसा धरतो, आणि तो आडोसा शोधायचा कुठे? काम सुरू होतं ते गेट खाली गेल्यावर. पाणी उतरतं, सरळ पट्ट्यात घोटाभर राहतं आणि मासे जिथे खोली उरते तिथे गोळा होतात: फॉलच्या खाली (पाटाचा तळ जिथे पायरीसारखा उतरतो), सायफनच्या तोंडाशी (पाट जिथे नाल्याखालून जातो), मोरीखाली, वळणाच्या बाहेरच्या अंगाला जिथे पाण्याने तळ खरवडलेला असतो.

म्हणून या सगळ्यात मोठा माणूस म्हणजे पाटकरी, पाटाचं पाणी सोडणारा-बंद करणारा. पाणी कोणत्या दिवशी बंद होणार, कोणत्या चारीचं (पाटाच्या फाट्याचं) गेट गळतं, कोणत्या मोरीखाली पाणी टिकतं, हे त्याला तोंडपाठ. ही माहिती फुकट मिळते, फक्त चहा पाजावा लागतो आणि कुणी चोरून लावलेल्या पाइपाबद्दलची त्याची तक्रार शेवटपर्यंत ऐकावी लागते. पाणी उतरल्याबरोबर धावत जाण्यातही अर्थ नाही. मासा भेदरलेला असतो, गाळ वर असतो. दोन-तीन दिवसांत गाळ खाली बसतो, पाणी निवळतं आणि मासा जागा धरतो. त्यानंतरचे थोडे दिवस आपले. पुढे गावातली पोरं जुन्या साड्या घेऊन डबक्यात उतरतात, मग काठीवाल्याने घरी जावं. साड्यांचं ठीक आहे. काही जण वायर टाकून करंट सोडतात, त्यांना मात्र हाकललंच पाहिजे. त्यात पोटुशी मादी आणि बोटाएवढी पिल्लं सगळीच मरतात, कधी माणूसही.

काठीचं वेड मला यूट्यूबवरून लागलं. इंग्लंडात कालव्यावर भर हिवाळ्यात लोक पेटीवर बसून बिनरीळाच्या काठीने मासे काढतात. तिथला कालवा होड्यांसाठी केलेला, पाणी बहुतेक उभं. काठी कार्बनची, सोळा मीटरपर्यंत लांब. मासा लागला की ती मागे रुळावरून सरकवत नेतात, मागचे तुकडे काढून ठेवतात आणि शेंड्याचा भाग हातात घेऊन मासा जाळीत घेतात. शेंड्याच्या पोकळीत रबर असतं. मासा जोरात पळाला तर रबर ताणलं जातं, दोरा वाचतो.

आपल्या पाटाला सोळा मीटरचं काय करायचं? माझी घडीची काठी ५.४ मीटरची, ग्लासफायबरची. बांबूपेक्षा हलकी, आणि पहाटेच्या दवात बांबू जसा हाताला गारठवतो तशी ही गारठवत नाही. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, थेट शेंड्याला बांधायचा, लांबीला काठीपेक्षा हातभर कमी. वारा असला तर आणखी आखूड. रबराची कल्पना मात्र मी उचलली: सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा वीतभर तुकडा शेंडा आणि तंगूस यांच्यामध्ये. दिसायला गबाळं दिसतं, पण बारीक तंगुसावर किलोभराचा सायप्रिनस आला की त्या तुकड्याची किंमत कळते. रीळ नाही, म्हणजे माशाला सोडायला जास्तीचा दोराच नाही. काठी उभी धरायची, तो ज्या बाजूला पळेल त्याच्या उलट बाजूला वाकवायची आणि त्याला दमू द्यायचं. ओढायचं नाही.

थंडीत सगळं बारीक लागतं. उन्हाळ्यात मी आठ नंबरचा गळ लावतो, हिवाळ्यात सोळा किंवा अठरा. नंबर वाढतो तसा गळ लहान. तंगूस ०.१२ मिलिमीटरचा, कारण पाणी निवळल्यावर जाड दोरा माशाला दिसतो आणि आमिषही त्यावर ताठ लोंबतं. आमच्याकडे पोरं दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) ताटाचं भेंड, म्हणजे आतला हलका गाभा, तरंगायला लावतात. उन्हाळ्यातल्या हावऱ्या माशाला ते चालतं, थंडीत नाही, कारण भेंड बुडवायला जोर लागतो आणि तेवढा जोर मासा लावत नाही. मोराच्या गळून पडलेल्या पिसाचा देठ घ्यायचा, त्याचा बारीक शेंडा वर ठेवायचा आणि शिशाचे छरे असे लावायचे की पाण्यावर फक्त ज्वारीच्या दाण्याएवढं टोक दिसेल.

मग खोली मोजायची. हे काम लोकांना कंटाळवाणं वाटतं, मला सगळ्यात आवडतं. गळाला जड शिसं अडकवून पाण्यात सोडायचं. टोक बुडालं तर तंगूस आखूड आहे, आडवं पडलं तर लांब. पीस वर-खाली सरकवत ते नेमकं टोकावर उभं राहीपर्यंत आणायचं, मग हातभर डावीकडे, हातभर उजवीकडे, थोडं पुढे. सिमेंटचा उतार कुठे संपतो, तळाला गाळ कुठे आहे, खड्डा कुठे आहे हे दहा मिनिटांत काठीच सांगते. थंडीतला मासा उताराच्या पायथ्याशी, तळाला पोट लावून असतो. आमिष तिथे तळाला जेमतेम टेकलं पाहिजे. वीतभर वर राहिलं तरी तो वर येऊन घेत नाही.

आमिष म्हणजे गांडूळ. कणकेचा गोळा थंडीत मी वापरतच नाही. गांडुळंही या दिवसांत वरच्या मातीत सापडत नाहीत. गोठ्याचं पाणी जिथे मुरतं तिथे किंवा केळीच्या कुजलेल्या खुंटाखाली उकरावं लागतं. लालसर, बारीक असलेलं घ्यायचं आणि त्याचाही अर्धा तुकडा लावायचा. मासे जमवण्यासाठी उन्हाळ्यात आम्ही सरकीची ढेप मूठमूठ टाकतो. थंडीत तेवढी टाकली की माशाचं दिवसभराचं जेवण तिथेच होतं. भिजवलेली ढेप चिमटीत मावेल एवढी, त्यात चिरलेलं गांडूळ, आणि पुढची चिमूट मासा लागल्यावरच.

वेळेचं म्हणाल तर पहाटे जाऊन काकडण्यात हशील नाही. जानेवारीत जळगावकडे पारा दहाच्या खाली जातो, पाटावर धुकं असतं, दाढीवर दव. मामांच्या भाषेत "ऊन पडू दे, मंग पाय." अकरानंतर सिमेंटचा काठ तापायला लागतो आणि त्याला लागून असलेलं पाणी थोडं कोमट होतं, अकरा ते तीन हाच धंद्याचा वेळ. पाट पूर्व-पश्चिम असेल तर मी उत्तरेच्या काठावर बसतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे आपली सावली मागे रानात पडते, पाण्यावर नाही, आणि ऊन खाणारा उतार नेमका आपल्या पायांशी येतो. डोळ्यांवर चमक येते तेवढी टोपी पुढे ओढून सोसायची. निवळलेल्या पाण्यात एक सावली हलली की सगळं डबकं अर्धा तास गप्प होतं.

आणि चावा. उन्हाळ्यात पीस सूं करून खाली जातं, कुणालाही कळतं. थंडीत ते खाली जातच नाही. टोक पाण्यावर स्थिर असतं, वाऱ्याची बारीक लहर येते, टोक लहरीबरोबर डुलतं. मग एखाद्या लहरीत ते डुलत नाही, किंचित अडल्यासारखं राहतं. कधी केसभर वर येतं: माशाने तळाचं आमिष उचलून तोंडात घेतलेलं असतं आणि शिशाचा भार कमी झालेला असतो. तेवढ्यावर मनगट हलवायचं, हात नाही. बहुतेक वेळा रिकामं येतं. अधूनमधून शेंड्याला जड लागतं, रबर लांबतं आणि तळाशी पिवळट काहीतरी उलटताना दिसतं.

मिळतं काय? मुख्यतः सायप्रिनस आणि मृगळ. हे दोघं तळाला चरणारे आणि गार पाणी त्यातल्या त्यात सोसणारे. रोहू क्वचित. कटला वरच्या थरात खाणारा, तो तळाच्या गळाला या दिवसांत जवळजवळ नाहीच. मरळ भरपूर असते पण सुस्त पडून राहते. चार-पाच तासांत दोन-तीन मासे म्हणजे उत्तम दिवस. पाव किलोच्या खालचा मी परत सोडतो, पण हात ओला करून, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी धरते.

दोन गोष्टी मात्र मामांनीच दटावून शिकवल्या. सिमेंटच्या उतारावर पाणी उतरलेल्या भागात शेवाळ असतं. पाय घसरून आत गेलं तर धरायला काहीच मिळत नाही, पोहता येणाराही वर चढू शकत नाही. मातीचा काठ असेल तिथेच बसायचं, आणि गेटच्या लगेच खाली कधीच नाही; वरून पाणी न सांगता वाढतं. दुसरी गोष्ट तारांची. पंपांच्या लाइनी पाटाच्या कडेकडेने जातात, काही ठिकाणी झोळ पडून हाताला येतील इतक्या खाली. लांब काठी उभी करताना वर बघायचं. कार्बनच्या काठीतून वीज सरळ अंगात येते, ओल्या ग्लासफायबरवरही विसंबू नये. वीज गेलेली आहे म्हणून तार मेली असं धरायचं नाही. थ्री फेज (पंपांची वीज) कधी येईल हे इकडे कोण सांगणार.

संक्रांतीनंतर दुपार तापू लागते आणि फेब्रुवारी सरता सरता मासा पुन्हा वर येऊन कणीक घ्यायला लागतो. तेव्हा सोळा नंबरचे गळ डबीत जातात, भेंड बाहेर निघतं. त्या सुमाराला रब्बीचं शेवटचं आवर्तन बंद झालेलं असलं तर खोल डबकी आणखी आठवडाभर धरून बसतो. मामा अजूनही चिडवतात, पण मृगळ दिला तर नाही म्हणत नाहीत. त्यात बारीक काटे फार, म्हणून मामी दोन्ही अंगांना अगदी जवळजवळ आडव्या चिरा देते, हळद-मीठ-लसूण चोळून कुरकुरीत तळते. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर.