तुम्ही विचारलंत म्हणून: पेढे कुठे वाटायचे आणि काम कुठे दाखवायचं

फर्निचर करणारे, इंटिरिअरवाले, घरून केक करणाऱ्या, फोटोग्राफर, योगाचे वर्ग घेणाऱ्या, म्हणजे ज्यांच्या धंद्याची पाटी आणि स्वतःचं नाव एकच आहे अशी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. ‘मुलीचा दहावीचा निकाल, नव्या घराची वास्तुशांत आणि परवाच पूर्ण झालेलं काम, हे सगळं एकाच अकाउंटवर टाकलं तर चालतं का? आणि टाकायचं म्हणजे नेमकं काय टाकायचं?’

एकट्याच्या धंद्याला एकच अकाउंट बरं. दोन अकाउंटं म्हणजे दोन गोठे आणि गडी एकच. तीन महिन्यांत एका गोठ्यात चारा पडेनासा होतो. पण घरचं जुनं अकाउंटच धंद्याचं करणार असाल तर आधी एक गोष्ट बघा. इंस्टाग्रामवर अकाउंट ‘प्रोफेशनल’ केलं की ते प्रायव्हेट ठेवता येत नाही. इतकी वर्षं फक्त नातेवाइकांनी पाहिलेले बारशाचे, बाळाच्या आंघोळीचे, आजारपणातले फोटो त्या दिवसापासून कोणालाही दिसतात. म्हणून आधी ‘युअर ॲक्टिव्हिटी’मध्ये जा, पोस्ट उघडा, घरच्या सगळ्या एकदम निवडा आणि आर्काइव्ह करा. त्या पुसल्या जात नाहीत, फक्त तुमच्यापुरत्या राहतात. मग अकाउंट बदला. प्रकार निवडताना ‘बिझनेस’ घेतलात तर सिनेमातली बरीच गाणी रीलला लावता येत नाहीत, कारण त्यांचा परवाना धंद्याच्या वापरासाठी नसतो. ‘क्रिएटर’मध्ये त्या मानाने जास्त गाणी मिळतात.

घरचं कुठे टाकायचं? स्टोरीत, आणि तेही ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी करून. चोवीस तासांत स्टोरी उतरते. व्हॉट्सॲप स्टेटसचा घोटाळा वेगळा आहे. तुमच्याकडे ज्याचा नंबर सेव्ह आहे आणि ज्याच्याकडे तुमचा आहे, त्या प्रत्येकाला ते दिसतं. त्यात गिऱ्हाइकं आली, प्लायवुडवाला आला, सोसायटीचा सेक्रेटरी आला. ‘बिल पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणून सांगितलेल्या माणसाला तुमचं महाबळेश्वरचं स्टेटस दिसतं ते यामुळेच. स्टेटसच्या प्रायव्हसीत ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ हा पर्याय आहे, तो वापरा. किंवा धंद्याला दुसरा नंबर घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. दुसरा उपाय जास्त टिकतो.

आता मुख्य भाग. पोस्ट करण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: ही बातमी कोणाची आहे? फोटो तुम्ही काढला म्हणून बातमी तुमची होत नाही.

दहावीचा निकाल घ्या. गुण मुलीचे आहेत, तेव्हा आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर विषय संपला, मग आजोबांनी कितीही आग्रह धरला तरी. हो म्हणाली तरी गुणपत्रिकेचा फोटो टाकू नका. महाराष्ट्र बोर्डाच्या निकालाच्या साइटवर बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकलं की निकाल उघडतो, आणि या दोन्ही गोष्टी गुणपत्रिकेवर छापलेल्या असतात. उत्तीर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर तर जन्मतारीखही असते. नाव, जन्मतारीख, आईचं नाव, शाळा: पोरीचा अर्धा केवायसी तुम्ही हौसेने चव्हाट्यावर मांडलेला असतो. पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो टाका आणि टक्के शब्दांत लिहा. अभिनंदन तेवढंच येतं.

नव्या घराचंही तसंच. किल्ली तळहातावर धरून फोटो काढायची पद्धत पडली आहे. किल्लीचे दात स्पष्ट दिसत असतील तर फोटोवरून तशी किल्ली कापता येते, त्यामुळे दात मुठीत झाका, वरची कडी दिसू द्या. इंडेक्स टूचा, म्हणजे घरखरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याचा, फोटो कशासाठी टाकतात हे मला समजलेलं नाही. त्यावर नावं, मिळकतीचं वर्णन आणि मोबदल्याची रक्कम असते. वास्तुशांतीची पत्रिका नातेवाइकांच्या ग्रुपवर ठीक आहे. सगळ्यांसमोर टाकली तर नवा पत्ता कळतोच, शिवाय त्या दिवशी जुनं घर किती वाजेपासून बंद आहे हेही कळतं. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. बोर्डिंग पास तर कधीच नको, कारण पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर बुकिंग उघडतं.

बाळाच्या बातमीत कायदाही येतो. अमेरिकेतली चुलत बहीण गुलाबी-निळा केक कापून मुलगा की मुलगी ते जाहीर करते, तिथे ते चालतं. भारतात १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भाचं लिंग कोणी कोणाला सांगणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे इथे तो केक नको, गमतीतही नको. सोनोग्राफीचा फोटो टाकायचाच असेल तर वरची पट्टी कापा. तिच्यावर आईचं नाव, सेंटरचं नाव, तारीख असं सगळं असतं.

कामाच्या फोटोत मालक वाढतात. गिऱ्हाईक, त्याच्या घरातली माणसं, फोटोग्राफर, कधी तुमची कंपनी. संमती कोटेशनच्या वेळीच घ्यावी, शेवटच्या हप्त्याच्या वेळी नाही. तेव्हा गिऱ्हाईक एखाद्या राहिलेल्या बिजागरीवरून कुरकुरत असतं आणि तुमची विनंती त्याला सौद्यासारखी वाटते. मजकूर साधा ठेवा: ‘काम पूर्ण झाल्यावर त्याचे फोटो आम्ही इंस्टाग्रामवर टाकू. तुमचं नाव, पत्ता, रक्कम आणि घरातल्या कोणाचे फोटो त्यात नसतील. चालेल का? नको असेल तर तसं कळवा, कामात काही फरक पडणार नाही.’ उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ ‘हो’ होत नाही. ‘हो’ आलं तर स्क्रीनशॉट कामाच्या फोल्डरमध्ये टाका. आणि ताबा दिल्यावर पंधरा-वीस दिवस थांबा. ड्रॉवर अडकणं, पॉलिशला डाग येणं या तक्रारी त्याच काळात येतात. ‘अप्रतिम काम पूर्ण!’ या पोस्टखाली गिऱ्हाइकानेच ‘दार लागत नाहीये, फोन उचला’ असं लिहिलं तर ती पोस्ट जाहिरात राहत नाही.

पोस्ट कशी करायची ते एका झोपाळ्यावरून सांगते. दिवाणखान्यातला सागवानी झोपाळा, सुताराने केलेला. बहुतेक जण काय टाकतात? तयार झोपाळ्याचा एक फोटो, वर ‘न्यू प्रोजेक्ट, परंपरा आणि आधुनिकतेचा संगम’, खाली हॅशटॅगची रांग. यातून बघणाऱ्याला काही कळत नाही. कॅप्शनची पहिली साधारण १२५ अक्षरंच आधी दिसतात, बाकी ‘मोर’च्या मागे जातं, आणि देवनागरीत काना-मात्राही मोजल्या जात असल्यामुळे शब्द कमीच बसतात. तेव्हा पहिल्याच ओळीत वस्तू, माप आणि जागा सांगा: ‘सागवानी झोपाळा, ५ फूट बाय २ फूट, वन बीएचकेच्या हॉलमध्ये बसवलेला.’ त्याखाली खरी माहिती: ‘फळी दीड इंच जाड, म्हणजे सव्वा घनफूट लाकूड, नुसत्या फळीचं वजन बावीस-तेवीस किलो. कड्या पितळी आहेत, पण छतातले हुक स्टीलचे, कारण पितळ मऊ असतं, सतत घासून झिजतं. हुक प्लास्टरमध्ये नाही, स्लॅबच्या काँक्रीटमध्ये धरलेत. मागची भिंत आणि फळी यांत झोक्याला मोकळी जागा ठेवलीय.’ २२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण एवढं पुरे. हे वाचून जो फोन करतो तो निम्मं ठरवूनच करतो.

फोटो सहा-सात बस्स. इंस्टाग्राम वीसपर्यंत घेतं, म्हणून वीस टाकायचे नसतात. पहिला तयार झोपाळा, दुसरा त्याच जागेचा आधीचा फोटो, मग फळीच्या कडेचा जवळून, रेषा दिसतील असा, हुक बसवताना छताचा, कडीचा, आणि शेवटी एखादी अडचण, उदाहरणार्थ हुकाची जागा सरकवावी लागली कारण ड्रिल सळीला लागलं. आधीचा फोटो विसरणं ही सर्वात जास्त होणारी चूक. पहिल्या भेटीतच, माप घ्यायची टेप बाहेर काढायच्या आधी तो काढा, आणि जिथे उभे होतात ती जागा दरवाजाच्या चौकटीवरून किंवा फरशीच्या सांध्यांवरून लक्षात ठेवा. दोन्ही फोटो एकाच जागेवरून असतील तरच फरक डोळ्यात भरतो.

ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा उजेड घ्या. दोन्ही एकत्र आले की लाकूड एका बाजूला पिवळं, दुसऱ्या बाजूला निळसर दिसतं. लेन्स सदऱ्याने पुसा. फोन छातीच्या उंचीवर धरा, आणि ०.५ची वाइड लेन्स नको, ती कडेचे पाय वाकडे करते. मागे सरका आणि २एक्सवर घ्या. आकार १०८० बाय १३५०. प्रोफाइलची जाळी २०२५च्या जानेवारीपासून उभी, ३:४ झाली आहे, तेव्हा जुन्या चौकोनी हिशेबाने फोटोवर लिहिलेली अक्षरं कडेला कापली जातात; मजकूर मधोमध ठेवा. मराठी मजकूर फोटोवर टाकत असाल तर जोडाक्षरं फुटलीत का ते मोठं करून बघा. काही ॲपमध्ये ‘प्रसन्न’चा ‘न्न’ पाय मोडून पडतो आणि मालाची किंमत तिथेच घसरते.

मग फ्रेममध्ये काय आलंय ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासा. राउटरच्या मागचा पासवर्ड, फ्रीजवरचं वीजबिल, टेबलावरच्या गोळ्यांची पाकिटं, आरशात तुम्ही स्वतः, खिडकीतून दिसणारं समोरच्या इमारतीचं नाव. इंस्टाग्राम फोटो चढवताना त्यातली जागेची नोंद काढून टाकतं, पण व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. क्वालिटी टिकावी म्हणून आपण सगळे तसंच पाठवतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलं की हा प्रश्नच उरत नाही.

फोटोग्राफर लावला असेल तर त्याचं नाव द्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो, पण करारात वेगळं लिहिलं असेल तर करार चालतो. तेव्हा करार वाचा.

वस्तू नव्या घडणीची असेल तर पोस्टची घाई खरंच महागात पडते. २०००च्या डिझाइन्स कायद्यात अर्जाच्या तारखेआधी लोकांसमोर आलेलं डिझाइन नोंदवता येत नाही, आणि तुम्ही स्वतः टाकलेली रीलही ‘लोकांसमोर येणं’च असते. पेटंटचंही जवळपास तसंच. आधी अर्ज, मग रील. नोंदलेल्या डिझाइनला दहा वर्षं आणि पुढे पाच वाढवून मिळतात, त्यापुढे महिनाभर कळ काढणं फार नाही. वकिलांना तर वेगळंच बंधन आहे: बार कौन्सिलच्या नियम ३६मुळे कामाची जाहिरातच करता येत नाही, तेव्हा जिंकलेल्या खटल्यांच्या पोस्ट त्यांनी टाळाव्यात. डॉक्टरांनी रुग्ण ओळखू येईल असा फोटो परवानगीशिवाय टाकायचा नाही.

नोकरदारांसाठी थोडक्यात. ऑफर लेटरचा फोटो नको, त्यावर पगार असतो. नवी नोकरी लिंक्डइनवर भरताना नेटवर्कला कळवायचं बटण आधी बंद करा, जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर हातात येऊ द्या, नव्या ठिकाणी रुजू व्हा, मग जाहीर करा. प्रोजेक्टबद्दल लिहिताना क्लायंटचं नाव, मागचा व्हाइटबोर्ड आणि उघडा लॅपटॉप या तीन जागा तपासा.

कॉमेंटमध्ये ‘काय किंमत?’ आलं की ‘डीएम केलंय’ असं उत्तर देऊ नका. लोक वैतागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ‘या मापात अमुकपासून अमुकपर्यंत, लाकडाच्या भावाप्रमाणे’ असं सरळ लिहा. झोपाळ्याची चौकशी करणाऱ्या दहांपैकी जे परवडत नाही म्हणून गळतील ते फोनवरही गळलेच असते.

आणि चुकून काही गेलंच तर: डिलीट केलेली पोस्ट ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये तीस दिवस राहते, तिथूनही काढा. ज्याचा फोटो होता त्याला स्वतः फोन करून सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आत.