जाड टायर सोडून बारीक टायरवर: पुणे ते पाचगणी

पुण्यातल्या बहुतेक एमटीबींनी, म्हणजे डोंगरवाटांसाठीच्या माउंटन बाइकनी, डोंगर पाहिलेलाच नसतो. दुकानात जाड टायर आणि पुढचा शॉकअप बघून माणूस भुलतो, आणि मग ती सायकल जन्मभर सिंहगड रोडच्या डांबरावर गुरगुरत फिरते. माझी निदान तळजाई आणि वेताळ टेकडीची धूळ खात होती. पण रविवारच्या फेऱ्या खडकवासला ओलांडून पानशेतकडे सरकायला लागल्या तशी ती जड वाटू लागली. चढावर उभं राहून पेडल मारलं की शॉकअप खाली-वर होणार, म्हणजे अर्धा जोर त्याच्याच पोटात.

शेवटी रोड बाइक घेतली. 28 मिलिमीटरचे टायर, त्यात 80 पीएसआय हवा. जुन्या सायकलीला 35 भरपूर व्हायची. वॉल्व्हही वेगळा, सडपातळ. पेट्रोल पंपावरची हवा अ‍ॅडाप्टर लावल्याशिवाय आत जातच नाही. पहिले काही दिवस मनगटं दुखली. डांबरावरची बारीक खडीसुद्धा दातांपर्यंत पोचायची. पण सपाटीवर सायकल अशी पळत होती की माझं मलाच हसू यायचं.

सायकल क्लबात जायचं मात्र मनात नव्हतं. जर्सीवाल्यांचा घोळका दिसला की मी रस्त्याची कड बदलायचे. मैत्रिणीने ग्रुपमध्ये नाव घातलं आणि डिसेंबरातल्या एका पहाटे मी पाचगणीला निघालेल्यांत कात्रजला उभी होते. नियम मोजकेच: हेल्मेट, मागे लाल दिवा, कानात काही घालायचं नाही. आणि सगळ्यांच्या मागे एक अनुभवी गडी, म्हणजे कुणी एकटं मागे राहायला नको.

जुना घाट चढून बोगद्यातून शिंदेवाडीला उतरलो आणि खेड शिवापूरच्या पुढे एकामागे एक रांग लागली. खरी शिकवणी इथे सुरू झाली. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी 20 च्या वेगाला जो वारा लागतो तो 30 ला सव्वादोन पट. पुढच्याच्या मागे हातभर अंतर ठेवून राहिलं की त्यातला मोठा वाटा तो खातो. ऐकायला सोपं, पण टेकडीवर आपल्यापुढचा दगड आपणच बघायची सवय. इथे पुढच्याची पाठ दिसते, रस्ता दिसतच नाही! त्याने कंबरेखाली हात नेऊन डावीकडे बोट दाखवलं की तिथे खड्डा आहे असं धरून चालायचं, तोच हात आपण मागच्याला दाखवायचा. मागून ‘ट्रक, ट्रक’ अशी हाळी येते, ती पुढे पोचवायची. माझे हात सारखे ब्रेकवर जात होते.

मागचे काका, बँकेतून निवृत्त झालेले, शेजारी आले. ‘अगं, त्याच्या चाकाकडे टक लावू नकोस. खांद्यावरून पलीकडे बघ. आणि ब्रेक नको मारूस, मी मागे आहे. नुसते पाय थांबव.’

एवढ्याने फरक पडला. नीरेचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो तेव्हा मानेतला ताठरपणा गेला होता. शिरवळला पोहे आणि दोन कप चहा.

खंबाटकी मला आवडला. तेव्हा साताऱ्याकडे जाणारी वाहतूकच हा घाट चढायची, त्यामुळे समोरून गाडी येत नव्हती. ट्रक मात्र शेजारून कण्हत चढत होते, त्यांचा धूर थेट छातीत. सुरूरला हायवे सोडला आणि वाईपर्यंत उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यावर कर्कश गाणी. वाईत ढोल्या गणपतीला लांबूनच हात जोडले, कारण बूट काढले असते तर पुन्हा घालायचं त्राण नव्हतं.

पसरणी घाटात क्लबचा काही उपयोग नाही. ताशी आठ-नऊच्या वेगाला कुणाच्या मागे लपणार? जो तो आपापल्या दमाने. तिथे मला जुनी एमटीबी फार आठवली. तिची पुढची सगळ्यात लहान चकती 22 दात्यांची, हिची 34. म्हणजे जिथे पाय भिंगरीसारखे फिरायचे तिथे आता एकेक पेडल ढकलावं लागत होतं. मांड्या भरून आल्या. एका वळणावर खाली धोम धरणाचं पाणी दिसलं, तेवढ्या निमित्ताने थांबले. खरं तर पाणी बघायला नव्हतेच थांबले.

पाचगणीत पोचले तेव्हा काकांची दुसरी प्लेट भजी चालू होती. परतीला सायकली टेम्पोत घातल्या. वाटेत काकांनी 200 किलोमीटरच्या बीआरएमचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल फेरीचा, विषय काढला. साडेतेरा तासांत पुरी करायची, शर्यत नाही, फक्त वेळेत पोचायचं. ‘तुला जमेल,’ म्हणाले. मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी सीट बदलून घेणार आहे.